हिंगणमाळचा ऋतुगंध

गंधाचा तिसरा दिवस उजाडला, की हिंगणमाळावर कुणाला घड्याळ बघायची गरज नसे. सकाळी साडेसहाच्या सुमारास दक्षिणेकडून ड्रोनची घरघर येई आणि पहिल्या शेडमधल्या सहाशे चाळीस मेंढ्या एकदमच माना वर करत. ड्रोनच्या पोटाला बांधलेल्या पेटीत, साठ किलोमीटरवरच्या मेंढाकेंद्रात पहाटे मेंढ्याच्या रेतानं भरलेल्या कांड्या असत. ताज्या रेताचं आयुष्य जेमतेम दहा तासांचं. गोठवलेलं रेत गाईला चालतं, मेंढीला फारसं लागू पडत नाही. तिच्या गर्भाशयाची वाट इतकी वळणावळणाची असते, की गोठून वितळलेल्या, थकलेल्या बीजाला ती पार करवत नाही. म्हणून कांड्या ज्या दिवशी येतील त्याच दिवशी सगळ्या मेंढ्या माजावर असायला हव्यात. सहाशे चाळीस जिवांची एकच वेळ जमवायची, हा खरा प्रश्न.

पूर्वी त्यासाठी मेंढीच्या अंगात चौदा दिवस औषधी स्पंज ठेवत आणि तो काढला की गाभण घोडीच्या रक्तातून काढलेल्या संप्रेरकाचं इंजेक्शन देत. संप्रेरक म्हणजे शरीराच्या एका अवयवानं रक्ताबरोबर दुसऱ्याला धाडलेला निरोप. पण घोडीचा निरोप मेंढीला परका. पहिल्या वर्षी तिचं शरीर तो ऐकून घेई. तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत त्याला वाटेतच अडवणारी प्रतिपिंडं रक्तात तयार होत. मग मेंढी दिसायला ठणठणीत, पण कांडी भरली तरी उलटे, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येई. त्यातही ज्या जास्त दुधाळ त्यांनाच औषध जास्त वेळा मिळे, म्हणून कळपातल्या सगळ्यांत गुणी मेंढ्याच आधी वांझ होत.

हिंगणमाळच्या मेंढीदूध संघाला या वांझपणानं पुरतं टेकीला आणलं होतं, तेव्हा डॉ. रेहाना मुलाणी तिथं आल्या. महिनाभर नजरेआड ठेवलेला मेंढा अचानक कळपाजवळ आणला, की त्याच्या नुसत्या वासानं मेंढ्या माजावर येतात, हे धनगरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. मुलाणी मॅडमनी तो वास मेंढ्याच्या लोकरीतून वेगळा काढला, प्रयोगशाळेत शंभरपट तीव्र केला आणि त्याला नाव दिलं ‘ऋतुगंध’. बंद शेडमध्ये तीन दिवस तो वाफेसारखा सोडायचा. नाकातून तो मेंदूच्या तळाशी पोचतो, आणि मेंदू आपणहून बीजांडकोशाला निरोप धाडतो. हा निरोप स्वतःचा, म्हणून कुठलंही शरीर त्याला अडवत नाही. २०६७ सालच्या जूनमध्ये पहिल्या शेडवर त्याचा पहिला प्रयोग झाला आणि शंभरातल्या ब्याऐंशी मेंढ्या गाभण राहिल्या.

आता सप्टेंबर होता. जूनच्या गाभण मेंढ्या दुसरीकडं हलवून पहिल्या शेडमध्ये नव्या आणल्या होत्या, आणि गंधाची दुसरी खेप होती.

या शेडची कळपप्रमुख होती मायाक्का गोरड. वय बेचाळीस. पणजीचं नाव तिला ठेवलेलं, त्यामुळे आर्या, स्वरा, सायली अशा नावांच्या बायकांत ती आपल्या वयापेक्षा म्हातारी वाटे, आणि वागेही तशीच. तिच्या हाताखाली तेरा बायका होत्या. मेंढी धरावी तर मायाक्कानं. तिनं पाठीवर तळवा ठेवला की बुजरी मेंढीसुद्धा पाय रोवून उभी राही. त्या सकाळी बारावी कांडी भरून झाली आणि मायाक्काला एकाएकी मळमळलं. ओळखीचाच लोकरीचा वास, पण पोटातून उसळून आला. ती भिंतीला टेकून बसली.

“आक्का, काय झालं?” अनुजा हाके धावत आली. तेवीस वर्षांची, चटपटीत. कांडी भरण्यात तिचा हात मायाक्काच्या खालोखाल.

“काय न्हाई गं. पित्त.”

“मलापण हाय पित्त,” अनुजा म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक होता. “तीन हप्ते झालं.”

दुपारी दोघी आरोग्यकेंद्रात गेल्या. लवटे सिस्टरनी आधी अनुजाला आत घेतलं. ती बाहेर आली ती कुणाकडं न बघता थेट फाटकाबाहेर चालू लागली. मग मायाक्का आत गेली. सिस्टरनी तपासणीची पट्टी दोनदा बघितली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा बघितली.

“मायाक्का, तुम्हाला दिवस गेलेत.”

मायाक्का हसली. “थट्टा करू नका सिस्टर. एकोणीस वरसं झाली लग्नाला. साताऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलंय, बीजं हाईत पण पिकत न्हाईत.”

“पिकलंय एक,” सिस्टर म्हणाल्या. “तिसरा महिना संपत आला. सात मार्चच्या आसपास.” आणि कागदावर लिहिता लिहिता स्वतःशीच पुटपुटल्या, “ह्यापण सात मार्च.”

मायाक्काच्या कानावर ते शब्द पडले, पण मनापर्यंत पोचले नाहीत. ती माळावरून घरी चालत आली ती कशी, हे तिला नंतर आठवलं नाही.

तिचा नवरा बिरू चाऱ्याचं यंत्र धूत होता. मोजकं बोलणारा माणूस. पहिली दहा वर्षं दोघांनी डॉक्टर, देवरुषी, उपास, गोळ्या, सगळं केलं होतं. मग एका दिवशी मायाक्कानंच गोळ्यांचा डबा उकिरड्यावर फेकला आणि म्हणाली होती, “आता पुरं. आपलं आपण बरं हाय.” आणि खरंच बरं होतं. दोघं सकाळी एकत्र चहा घेत, शेडच्या गोष्टी करत, उन्हाळ्यात चार दिवस कोकणात जाऊन समुद्र बघून येत. रडणं, हेवा, लोकांची बोलणी, सगळं मागं पडलं होतं.

“आवं,” ती म्हणाली, “मी गाभण हाय.”

शब्द चुकला हे तिला उशिरा कळलं. बिरूनं हातातला पाइप खाली टाकला. पाणी भळाभळा अंगणात पसरत राहिलं. तो आधी हसला, मग चाऱ्याच्या भाऱ्यावर बसून लहान पोरासारखा हमसून रडला आणि उठून पाणी बंद करायला गेला, तो नळ सापडेचना.

पुढचे चार-पाच दिवस मायाक्का हवेत होती. ज्या घरात आठ-नऊ वर्षं पाळण्याचा शब्द कुणी काढला नव्हता, तिथं बिरू बाभळीची फळी तासत बसला होता. पण मायाक्का हाडाची मेंढपाळ होती. कळपातली कुठली मेंढी कधी लागली आणि कधी व्यायची, हे तिच्या डोक्यात आपोआप बसे. शेडमधल्या बायका एकेक करून लाजत, हसत, कुणी कपाळाला हात लावत तिला सांगायला आल्या, तेव्हा तिनं नकळत तारखा मांडल्या. पाच मार्च. सात मार्च. सात मार्च. आठ. सहा. एकूण चौदा बायकांपैकी दोघींची पाळी कधीच गेलेली, एक विधवा. उरलेल्या अकरा जणी गाभण. सगळ्या एका पंधरवड्यातही नव्हे, एकाच आठवड्यात.

मायाक्का घरी जाऊन पाणी प्यायली आणि तशीच मुलाणी मॅडमच्या खोलीत गेली.

मॅडम पन्नाशीच्या, सडसडीत. बारा वर्षं त्यांनी या एका गंधापायी घालवली होती. मायाक्काचं बोलणं त्यांनी मधे न थांबवता ऐकलं. मग उठून दार लावलं.

“जूनच्या चौदा तारखेला गंधाचा तिसरा दिवस होता,” मायाक्का म्हणाली. “तिथनं मोजा, मॅडम. सात मार्चच येतो. मी मेंढ्यांचं लई बघितलंय. अकरा जणी एका वक्ताला आपोआप लागत न्हाईत.”

“पण माणसाला या गंधाचा वाससुद्धा येत नाही,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “आम्ही तपासलं होतं. चाळीस जणांना हुंगायला दिला होता.”

“किती येळ?”

“दहा मिनिटं.”

“आम्ही तीन दिवस होतो. दारं बंद. अन्‌ हात कोपरापत्तर लोकरीत.”

मॅडम खुर्चीत बसल्या. मग त्यांनी मायाक्काला समजावलं, किंवा स्वतःलाच. मेंढीच्या लोकरीत एक मेणचट तूप असतं. गंधाचे कण त्यात मुरतात. तेच तूप बायकांच्या हाताला, केसांना, पदराला लागतं आणि घरी गेल्यावरही थोडं थोडं उडत राहतं. नाकाला वास कळत नाही, पण नाकामागं मेंदूचा जो जुना भाग आहे, त्याला कळत असावं. माणूस आणि मेंढी तिथं फारसे वेगळे नाहीत. तिथून ठोक्याठोक्यानं निरोप निघतो, आणि निजलेला बीजांडकोश जागा होतो.

“म्हणजे माझं पोर...” मायाक्कानं विचारलं, आणि तिचा हात पोटावर गेला. “त्यात त्या वासाचं काय आलंय का? मेंढ्याचं काय?”

“नाही, नाही.” मॅडम पुढं झुकल्या. “मूल सर्वस्वी तुमचं आणि बिरूभाऊंचं. गंध फक्त दार वाजवतो. दार उघडतं ते तुमचं शरीर. बाळाला कसला धोका मला दिसत नाही. तपासण्या करू, नीट करू.”

“मग वाईट काय झालं?”

विचारलं खरं, पण उत्तर मायाक्काच्याच डोक्यात होतं. पित्ताच्या दिवसापासून अनुजा कामावर आली नव्हती.

अनुजाच्या घरी दोन लेकरं होती, एक चार वर्षांचं, एक दोन वर्षांचं. पुण्याला कळप-तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला तिला जागा मिळाली होती. जानेवारीत जायचं होतं, लेकरं आईकडं ठेवायची होती, नवऱ्यानंही हो म्हटलं होतं. मायाक्का गेली तेव्हा ती लसूण सोलत बसली होती.

“आक्का, आम्ही दिवस मोजून राहतो,” ती म्हणाली. “कवा चुकलं न्हाई. त्या आठवड्यात काय व्हायलाच नगं होतं. मी चारदा मोजलं. माझंच अंग मला खोटं बोललं, आक्का.”

मायाक्कानं तिला सगळं सांगितलं. अनुजानं लसणाची पाकळी खाली ठेवली.

“म्हणजे माझी चूक न्हाई?”

“न्हाई.”

“मेंढ्यांचा टाइम, अन्‌ त्यात मी?”

“व्हय.”

अनुजा रडली नाही. ती एवढंच म्हणाली, “मला हे नको हाय आक्का. तुला कसं सांगू? तुला तर...”

“माझं माझ्यापाशी,” मायाक्का म्हणाली. “तुझं तू सांग.”

पुढच्या सोमवारी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मायाक्काच तिच्याबरोबर गेली. नवरा रानात अडकला होता, आणि अनुजाला आईला सांगायचं नव्हतं. दोघी बाकावर शेजारी शेजारी बसल्या, दोघींना तिसरा महिना. आतून अनुजाचं नाव पुकारलं तेव्हा तिनं मायाक्काचा हात घट्ट दाबला आणि सोडला. परतीच्या वाटेवर बसमध्ये ती मायाक्काच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. जानेवारीत ती पुण्याला गेली.

दवाखान्यातून परतल्या त्याच संध्याकाळी मायाक्कानं मुलाणी मॅडमना सांगितलं होतं, “मॅडम, हे सरकारला कळवा. तुम्ही न्हाई कळवलं तर मी कळवीन. दहा जणी खूश हाईत म्हणून अकरावीचं झाकायचं न्हाई.”

“कळवलं तर गंध बंद होईल,” मॅडम म्हणाल्या. “चाळीस गावांच्या दूधसंघांनी मागणी नोंदवलीय. पुन्हा स्पंज, पुन्हा घोडीचं रक्त. तुमच्या चांगल्या मेंढ्या पुन्हा वांझ होतील, मायाक्का.”

“व्हऊ द्यात.”

मॅडमनी तिच्याकडं पाहिलं आणि मान हलवली. “अहवाल सकाळीच लिहून झालाय,” त्या म्हणाल्या. “धाडायचं धाडस होत नव्हतं.”

अहवाल गेला. समिती आली. पांढरे कोट घातलेल्या लोकांनी बायकांचं रक्त, केस, नखं नेली. शेडला कुलूप लागलं. त्या हिवाळ्यात बऱ्याच मेंढ्या भाकड राहिल्या, आणि संघाच्या सभेत काही जणांनी मायाक्काकडं पाठ फिरवली. ती मात्र तब्येतीनं सुधारत होती. गालावर तेज आलं होतं, आणि भूक अशी, की बिरू भाकऱ्या थापायला शिकला. पहिली भाकरी परातीतच फाटली, दुसरी तव्यावर. तिसरी मायाक्कानं गरम गरम, कडा जळालेली, मिटक्या मारत खाल्ली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आरोग्यकेंद्रात तोबा गर्दी झाली. लवटे सिस्टरनी शेजारच्या तीन गावांतून खाटा मागवल्या होत्या. पाच तारखेपासून आठ तारखेपर्यंत दहा बाळंतपणं झाली. एकीला कळा सुरू झाल्या की पलीकडची म्हणे, “अगं थांब, माझा नंबर आधी हाय.” मायाक्काला सात तारखेला, भर दुपारी, मुलगी झाली. बारीक, लाल, मुठी आवळलेली. सिस्टरनी ती छातीवर ठेवली तेव्हा मायाक्कानं आधी तिचे कान चाचपले, कोकराचे चाचपतात तसे, आणि मग स्वतःलाच हसली. दहाही बाळांचं बारसं एकाच मांडवात झालं. तीन मुलींची नावं गंधाली ठेवली गेली. मायाक्कानं आपल्या लेकीचं नाव हिरा ठेवलं.

बातमी मात्र बाहेर फुटली होती, आणि ती कुणाला वाटलं नव्हतं अशा वाटेनं गेली. गंधावर बंदी यावी म्हणून एकही मोर्चा निघाला नाही. मार्च संपायच्या आत हिंगणमाळच्या फाटकावर बायका येऊन बसू लागल्या. कुणी सोलापूरहून, कुणी सांगलीहून. ज्यांची कूस दहा-दहा वर्षं रिकामी होती, त्या हात जोडून म्हणत, “आम्हाला फक्त तीन दिवस मेंढ्यांत बसू द्या.” एका मुकादमानं पत्र लिहून विचारलं, की त्याच्या टोळीतल्या बायकांची बाळंतपणं ऊसतोडीचा हंगाम सोडून उरकतील असं करता येईल का. एका शाळेच्या संस्थेनं शिक्षिकांची बाळंतपणं उन्हाळ्याच्या सुट्टीत यावीत, असं सुचवलं. मुलाणी मॅडमनी ती पत्रं मायाक्काला वाचून दाखवली आणि घडी घालून कपाटात ठेवली.

“मी मेंढ्यांचं वेळापत्रक करायला निघाले होते,” त्या म्हणाल्या.

शेवटी समितीनं मधला मार्ग काढला. गंध मेंढ्यांसाठी चालू राहील. शेडमध्ये काम करणाऱ्यांनी गाळणीचे मुखवटे आणि अंगभर अंगरखे घालायचे. ज्या बायकांना मूल हवंय त्यांच्यासाठी शेडला लागून, तिथलीच हवा आत घेणारी एक लांब काचेची ओवरी बांधली गेली. डॉक्टरची चिठ्ठी आणि स्वतःची सही असलेल्या बाईला तिथं तीन दिवस रोज चार तास बसता येईल. सही तिनं मनापासून केली आहे का, हे बघायला फाटकावर एक जाणतं माणूस हवं. सगळ्यांनी एकमतानं नाव घेतलं ते मायाक्काचं. जिला गंधानं मूल दिलं आणि जिनं स्वतःच त्याची तक्रार केली, तिच्याइतकं निःपक्ष कोण?

मायाक्कालाही काम आवडलं. हिराला पाठीशी बांधून ती फाटकावर बसे. येणाऱ्या प्रत्येक बाईला ती एकच प्रश्न विचारी, “तुला हवंय का?” आणि त्या बायका असं काही ‘व्हय’ म्हणत, की पुढं विचारायचं कामच पडत नसे. त्यांच्यातल्या बऱ्याच जणी नंतर पेढे घेऊन येत. पहिल्या वर्षी सत्तावन्न पाळणे हलले. मायाक्काला वाटे, आपल्या हातून एवढं चांगलं काम कधी झालं नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये, गंधाच्या पहिल्या दिवशी, सायलीकाकू वाघमोडे आपल्या सुनेला घेऊन आल्या. काकू मायाक्काच्या ओळखीच्या, खालच्या वस्तीवरच्या. सुनेचं नाव ईश्वरी, वय वीस, लग्नाला सहा महिने झालेले. हातात चिठ्ठी होती, चिठ्ठीवर सही होती. कागदात खोट नव्हती.

“सहाच महिने झालेत की काकू,” मायाक्का म्हणाली. “एवढी घाई?”

“घाई कसली? मार्चात पोर झालं म्हंजे बरं. पेरणीच्या आत बाई उठून कामाला लागती,” काकू म्हणाल्या. “आन्‌ आमच्या लेकाला दुबईची नोकरी लागतीय. त्याच्या आत एकदा उरकलेलं बरं. आता सगळं तारखेवर व्हतंय तर कशाला वाट बघायची?”

मायाक्का ईश्वरीकडं वळली. “तुला हवंय का?”

ईश्वरीनं सासूकडं बघितलं नाही. मायाक्काकडंही बघितलं नाही. “व्हय,” ती म्हणाली.

मायाक्काचं आयुष्य मेंढ्यांत गेलं होतं. माजावर आलेल्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवला की ती हलत नाही, उभी राहते. तिचं उभं राहणं म्हणजेच तिचा होकार, असं मायाक्का नव्या बायकांना शिकवत आली होती. पण धरून ठेवलेली, घाबरलेली मेंढीही उभीच राहते. लांबून दोघी सारख्याच दिसतात. फरक तळव्याला कळतो. मायाक्कानं ईश्वरीच्या पाठीवर हात ठेवला. झंपराखाली पाठ लाकडासारखी ताठ होती.

“काकू, तुम्ही जा,” मायाक्का म्हणाली. “चार तासांनी या. मी बसवते हिला.”

काकू गेल्यावर तिनं ईश्वरीला ओवरीत नेलं नाही. फाटकामागच्या आपल्या खोलीत आणलं, खिडकी लावून घेतली आणि चहा टाकला. ईश्वरीनं इकडंतिकडं पाहिलं. “हितं येतो का गंध?”

“हितं न्हाई येत. हितं नुसता चहा मिळतो. चार तास बस, मग घरी जा. कुणाला काय सांगायचं न्हाई.”

ईश्वरीचे खांदे खाली आले. चहाचे दोन घोट तिनं घेतले, आणि मग घाबरून म्हणाली, “पण मावशी, सासूबाई माझं केस हुंगून बघतील. थोरल्या जाऊबाईंचं बघितलेलं. लोकरीचा वास न्हाई आला तर त्यांना कळतंय.”

मायाक्कानं उठून कपाटातून गंध न लागलेल्या, मागल्या वर्षीच्या लोकरीचा एक पुंजका काढला, तो चहाच्या भांड्याच्या वाफेवर धरून ऊन केला, आणि ईश्वरीला पुढ्यात बसवून तिच्या केसांना ते मेणचट तूप चोळू लागली. खोलीभर मेंढीचा वास पसरला. हिरा जागी झाली आणि मायाक्काच्या खांद्यावरून त्या अनोळखी मुलीकडं टुकुटुकु बघू लागली. ईश्वरीनं तिच्यासमोर बोट धरलं. हिरानं ते घट्ट पकडलं.

“हीच का ती? पहिल्या गंधाची?”

“हीच.”

“गोड हाय.” ईश्वरी बोट सोडवून घेत नव्हती. थोड्या वेळानं तिनं सहज विचारलं, “मावशी, तुम्हाला इचारलं होतं का कुणी? तवा?”

“मला?”

“व्हय. हवंय का म्हणून.”

“न्हाई. तवा कुणाला ठावकंच नव्हतं.”

“अन्‌ इचारलं असतं तर?”

मायाक्काला खोटं बोलता आलं असतं. हिरा तिच्या पाठीवर ऊबदार जडपणानं पहुडली होती, दुधाचा श्वास तिच्या मानेवर येत होता. उकिरड्यावर डबा फेकणारी ती बाई तिला चांगली आठवत होती. त्या बाईचं बरं चाललं होतं. ती शहाणी होती, आणि जे बोलली ते मनापासून बोलली होती.

“नको म्हणाले असते,” मायाक्का म्हणाली. “हात जोडून नको म्हणाले असते.”

ईश्वरीनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं, मग हिराकडं.

“मग? तुमचं ते ‘नको’ चुकलं असतं का?” तिनं विचारलं.

मायाक्काचा तुपट हात तिच्या केसांतच राहिला. बाहेर शेडच्या दारांना अडसर पडल्याचा आवाज झाला आणि गंध सोडायची शिट्टी वाजली. ईश्वरी अजून उत्तराची वाट बघत होती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि विचारायला तिला दुसरं कुणी नव्हतं. मायाक्कानं पुंजक्यातली शेवटची लोकर घेतली आणि तिच्या वेणीचं टोक हळूहळू चोळायला सुरुवात केली.